राखेतला हुलगा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विट्यात सगळ्यांचेच घसे बसलेले असतात. काल रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत झाली. तुम्हीही त्या गर्दीत होता, धूळ खाल्ली, ओरडलात. आज परसातल्या चुलीपुढं बसला आहात आणि आज्जीनं तुमच्या हातात उलथनं दिलं आहे. माडग्यासाठी हुलगे भाजायचे आहेत. काम एवढंच, की हात थांबवायचा नाही.

खिशातला मोबाइल वाजतो. तुम्ही बघता. तेवढ्यात कढईतून धूर निघतो, चार हुलगे तडतडून उडतात आणि चुलीच्या तोंडाशी राखेत जाऊन पडतात.

"ध्यान कुठं हाय? करपलं की सगळं!"

करपलेल्या हुलग्याचा वास कडसर असतो, मातकट असतो, आणि नाकात गेला की लवकर निघत नाही. आज्जी कढई उतरवते. वरचे काळे दाणे निवडून बाजूला टाकते. ओसरीवर थोरले मामा बसले आहेत. त्यांची चाळीस वर्षं केरळात गेली, गलाईच्या दुकानात. विटा, खानापूर, आटपाडीकडच्या दुष्काळी गावांतून सोनं-चांदी गाळायला माणसं देशभर गेली आणि भारतातल्या जवळजवळ प्रत्येक सराफ बाजारात जाऊन बसली. मामा त्यांतले एक. राखेत पडलेल्या हुलग्यांकडं तुम्ही हात नेता, तसे ते बोलायला लागतात.

"आमचं पयलं काम राख धुवायचं. सोनाराच्या दुकानातली झाडलोट, पाय पुसायचं पोतं, बसायचं जुनं गोणपाट, सगळं जाळायचं. राख कुटायची. घमेल्यात पाणी घालून धुवायची. सोनं जड, तळाला बसतंय. वर काय काळंबेरं तरंगतंय ते फेकून द्यायचं."

जुन्या मराठीत हे काम करणाऱ्याला झारेकरी म्हणत. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड असतं, म्हणून राखेच्या घमेल्यात त्याला तळाशिवाय दुसरी जागा नाही. मामांचं वाक्य लक्षात असू द्या. वर काय तरंगतंय ते फेकून द्यायचं.

आता डोळे मिटा. वास मात्र सोडू नका, तोच धरून मागं जायचं आहे.

आधी परसातला नळ जातो. टेंभूच्या योजनेनं उचलून इकडं आणलेलं पाणी परत कृष्णेत उतरतं. यंत्रमागांची खडखड थांबते. मग आज्जीच्या डब्यातून मिरची नाहीशी होते, कारण ती अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या मागोमाग आलेली; तिचं या घरातलं वय फार तर पाचशे वर्षं. तिच्या मागोमाग भुईमूग जातो. कुटाशिवाय आमटी कशी होत असेल, हा प्रश्न पडायच्या आत मका जातो, बटाटा जातो, टोमॅटो जातो, दारातला पेरू जातो. जोंधळा जास्त टिकतो. पण तोही मूळचा आफ्रिकेतला, समुद्रापलीकडून आलेला, आणि तुम्ही जिथं निघाला आहात तिथल्या ताटात भाकरीचा मान अजून त्याला मिळालेला नाही. चूल आहे, शेणी आहेत, मडकं आहे. कढईतलं एकेक करून बहुतेक सगळं गेलं, आणि तळाशी हुलगा तसाच आहे. तो दख्खनचा. दक्षिणेतल्या कोरड्या माळांवर चार हजार वर्षांहून आधीपासून माणसं तो पेरताहेत. कोकणात त्याला कुळीथ म्हणतात. तो इथं कुणाच्या जहाजातून आलेला नाही.

काळाबरोबर थोडं अंतरही काटायचं आहे. माण, मग नीरा, मग भीमा ओलांडून उत्तरेला घोड नदीपर्यंत. मुलूख ओळखीचाच वाटतो. काळी माती, उघडे माळ, बाभळी, बोरी, आणि सह्याद्रीनं अडवून ठेवलेला पाऊस. विट्याच्या माणसाला इथं परकं वाटत नाही.

हे इनामगाव. पुणे जिल्ह्यातला शिरूर तालुका, घोडचा उजवा काठ. साल इ. स. पू. १२०० च्या आसपासचं, आजच्या सुमारे ३,२०० वर्षं आधीचं. महिना माघाचा शेवट असावा, कारण बोरीच्या झाडावर शेवटची सुकलेली बोरं आहेत आणि शेतातलं जवाचं पीक कापायला आलं आहे.

घरं चौकोनी, ओळीनं बसलेली, मधून अरुंद बोळ. भिंती खालून मातीच्या, वर कुडाच्या. तुम्ही ज्या अंगणात उभे आहात तिथं चार सपाट दगड मांडून त्यांवर चार पायांचं मातीचं मोठं कणगं टेकवलेलं आहे. उंदीर आणि ओल दोन्हींपासून धान्य वर राहावं म्हणून. त्याच्या पलीकडं जमिनीत चुन्यानं लिंपलेलं पेव. गावच्या कडेला दगड-मातीचा बांध आहे आणि नदीचं पाणी वळवणारा पाट. तो बघून तुम्हाला बलवडीजवळ येरळेवर लोकांनी १९८०च्या दशकात स्वतः उभारलेलं बळीराजा धरण आठवतं. जव आणि गहू ही हिवाळ्यातली पिकं. या कोरड्या मुलखात ती घ्यायची तर पाणी अडवायलाच हवं, आणि अडवायचं तर दहा घरांनी एकत्र यायला हवं. पाट आहे म्हणजे गावात एकमेकांशी बोलणं आहे, भांडण आहे, पाळी आहे.

अंगणात एक बाई चूल पेटवते आहे. तिला तुम्ही दिसत नाही. दिसलात तरी ती तुमच्याकडं बघणार नाही, कारण शेणी ओल्या आहेत आणि ती फुंकून फुंकून बेजार झाली आहे. धुरानं डोळे बारीक करून मान बाजूला वळवायची तिची पद्धत तुमच्या आज्जीची आहे. शेजारी तांबूस-केशरी अंगाची, काळ्या रेघांनी रंगवलेली भांडी. एकाला नळीसारखी लांब तोटी आहे. टिचकी मारली तर ती धातूसारखी वाजतात. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ साली अशी भांडी सापडली आणि या साऱ्या संस्कृतीला त्या गावाचं नाव मिळालं. पण ते नाव अजून कुणाला माहीत नाही. अजून हा फक्त तिचा स्वयंपाक आहे.

बघा काय काय चाललं आहे. एका खापरात जव भाजताहेत. जवाला आपण सातूही म्हणतो. त्याचं फोलपट दाण्याला घट्ट चिकटून असतं. भाजलं की ते कोरडं होतं आणि कांडताना सुटतं. दुसऱ्या मडक्यात डाळ शिजते आहे, मसुरीची असेल किंवा लाखेची. लाख फार दिवस, फार खाल्ली तर पाय लुळे पडतात. पण पावसानं पाठ फिरवली तरी ती शेतात तग धरते, म्हणून ती या गावात आहे. खाली जाळात शेणी आहेत, काटक्या आहेत, आणि कांडताना निघालेला जवाचा कोंडाही तिनं मूठभर आत टाकला. कोंड्यानं जाळ भडकतो.

तीन-चार वर्षांचं पोर तुमच्या जवळ येतं. त्याला तुम्ही दिसता, असं मी धरून चालतो. लहान मुलांना दिसतं. ते मुठीतलं एक बोर तुम्हाला देतं. सुरकुतलेलं, आंबटगोड. तुम्ही खाता आणि आठळी चुलीत थुंकता, जशी इथं सगळेच थुंकतात.

मग ती हुलगे भाजायला घेते.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. पोर रडायला लागतं, ती वळते, हात थांबतो. खापरातून धूर येतो. चार दाणे तडतडून उडतात. त्यांतला एक थेट जाळात पडतो, लाल होतो आणि पांढरा होऊन विरून जातो. दुसरा दगडाला आपटून अंगणात जातो, तो कोंबडी नाहीतर मुंगी नेईल. तिसरा पोराच्या हाती लागतो. चौथा चुलीच्या कडेला, मऊ राखेच्या थरात बुडतो. ती काहीतरी ओरडते. भाषा तुम्हाला कळत नाही, तरी अर्थ कळतो.

आता त्या चौथ्या दाण्याकडं बघत बसा, कारण या सगळ्या प्रवासाचं कारण तो आहे.

उघड्या जाळात भरपूर हवा असते. तिथं दाणा पुरता जळतो आणि त्याची राख होते. राखेवरून तो हुलगा होता की हरभरा हे कुणी सांगू शकत नाही. पण राखेच्या थराखाली हवा पोचत नाही. उष्णता पोचते, साधारण २५० ते ४०० अंशांची. तिथं दाणा जळत नाही, तो कोळसतो. त्यातलं पाणी जातं, तेल जातं, पिठूळपणा जातो. उरतो कोळसा, आणि तोही दाण्याच्याच आकाराचा. हुलग्याचा तो थोडा चपटा, मूत्रपिंडासारखा वाकलेला आकार, कडेची डोळ्याची खूण, कधी सालीचा तुकडासुद्धा. कोळशाला कीड लागत नाही, बुरशी लागत नाही, जिवाणूंना त्यात खाण्यासारखं काही सापडत नाही. साधा दाणा या काळ्या ओल्या मातीत दोन पावसाळ्यांत कुजून जाईल. हा कोळसलेला दाणा हजारो पावसाळे काढेल.

म्हणजे त्या संध्याकाळचं जे जेवण नीट झालं, ते सगळं गेलं. पोराच्या पोटात गेलं, नवऱ्याच्या पोटात गेलं, त्यातून उरलं ते कुत्र्याला गेलं. तिचा हात थांबला म्हणूनच तिच्या घरात हुलगा होता हे आपल्याला कळतं. मला या गोष्टीनं फार अस्वस्थ केलं आहे. जिची चूल कधीच करपली नाही अशी सुगरण इतिहासाला दिसणारच नाही.

रात्र होते. घराच्या जमिनीखाली एका कोपऱ्यात दोन मडकी तोंडाला तोंड लावून पुरलेली आहेत, आडवी. आत तिचं आधीचं मूल आहे. इनामगावात लहान मुलांना असंच घरातच ठेवत. ती अंथरूण घालते ते त्या कोपऱ्याच्या जवळ. तुम्ही बाहेर या.

सकाळी ती चूल साफ करते. बहुतेक राख टोपलीत भरून अंगणापलीकडच्या खड्ड्यात जाते आणि तिच्याबरोबर कालचे किती तरी दाणे, तुमची बोराची आठळी, कोंडा, कोळशाचे तुकडे. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. चुलीत जे सापडतं ते शेवटच्या काही दिवसांचं असतं. वर्षानुवर्षांचा स्वयंपाक वाचायचा तर राख टाकायचा खड्डा शोधावा लागतो. आपला चौथा हुलगा मात्र कडेच्या लिंपणाला चिकटून चुलीतच राहिला.

आता वर्षं भरभर जाऊ द्या. बाई गेली. पोर म्हातारं होऊन गेलं. घर पडलं, त्यावर दुसरं उभं राहिलं. इ. स. पू. १००० नंतर चौकोनी घरं कमी झाली, छोट्या गोल झोपड्या आल्या. भांडी ओबडधोबड झाली. शेती आक्रसली, शिकार वाढली. मधुकर ढवळीकरांनी पुढं या खुणा एकत्र ठेवून त्यांचा अर्थ लावला तो असा, की पाऊस कमी होत गेला आणि शेती सांभाळणं गावाला झेपेना. इ. स. पू. ७०० च्या सुमाराला गाव ओस पडलं. ज्यांनी खानापूर-आटपाडीच्या दुष्काळात घराला कुलूप लावून केरळची गाडी धरणारी माणसं पाहिली आहेत, त्यांना या वाक्याला जास्त शब्द लागत नाहीत.

मातीवर माती बसली. मुंग्यांनी बिळं केली, मुळं खाली उतरली, नांगर वरून फिरला.

तुम्ही पुन्हा त्याच जागी उभे आहात, पण पायाखालचं अंगण आता खड्ड्याच्या तळाशी आहे. १९७०च्या दशकातला एक हिवाळा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं इथं १९६८ ते १९८३ पर्यंत बारा हंगाम खणलं. हसमुख सांकळिया, झैनुद्दीन अन्सारी आणि ढवळीकर यांनी ते काम चालवलं, १३० हून जास्त घरं उघडी केली. ताम्रपाषाणयुगातलं दख्खनचं गाव कसं राहत होतं हे आपल्याला जे माहीत आहे त्यातला मोठा भाग या एका टेकाडातून आला.

खड्ड्यातल्या माणसाच्या हातात कुदळ नाही, लहान खुरपं आणि ब्रश आहे. तो तपकिरी माती खरवडता खरवडता थांबतो. मातीचा रंग बदलला. आधी लालसर भाजलेली कड, मग आत करडं, मग काळं. खणणाऱ्या हातांना चूल ओळखायला शिकवावं लागत नाही. ते हात रोज संध्याकाळी चुलीपाशीच जेवायला बसतात.

इथून पुढं घाई करायची नाही. चुलीतली राख वेगळ्या पिशवीत, शेजारच्या जमिनीवरची माती वेगळ्या पिशवीत, खड्ड्यातली तिसऱ्या पिशवीत. प्रत्येकीवर चिठ्ठी. पिशव्या एकत्र झाल्या तर दाणे राहतील, पण घर हरवेल. कुठल्या दाण्याशेजारी कुठला दाणा होता हीच खरी बातमी असते.

मग धुणं. मामांना इथं उभं करायला हवं होतं. बादलीत पाणी घेतात, त्यात राखमाती हळूहळू सोडतात, हातानं ढवळतात. माती विरघळते, खडे आणि हाडांचे तुकडे खाली बसतात. कोळसलेला दाणा सच्छिद्र असतो, त्याच्या पोटात हवा असते, तो वर येतो. पाण्यावर काळा तवंग धरतो. तो तवंग अलगद बारीक जाळीच्या चाळणीत ओतायचा, कापडात बांधायचा आणि सावलीत वाळवायचा. उन्हात ठेवला तर दाणे तडकतात. ही पद्धत जगभरात १९६०च्या दशकात रुळू लागली. इराणमधल्या अली कोश इथं हॅन्स हेल्बेक, अमेरिकेत स्टुअर्ट स्ट्रूव्हर यांनी तिचा पाया घातला. त्याआधी बऱ्याच ठिकाणी डोळ्यांना दिसतील तेवढेच दाणे गोळा होत.

आणि यात एक मोठा अन्याय झाला आहे असं मला वाटतं. डोळ्यांना काय दिसतं? गहू दिसतो, जव दिसतो, वाटाणा दिसतो. राळा, वरी, सावा दिसत नाही. मोहरीएवढा काळा दाणा काळ्या मातीत कुणाला दिसणार? त्यामुळं जिथं धुणं झालं नाही तिथल्या जुन्या ताटात मोठी धान्यंच भरली आणि गरिबाघरची बारीक धान्यं मातीबरोबर ढिगाऱ्यावर गेली. कर्नाटकात तुंगभद्रेच्या आणि बळ्ळारीच्या बाजूला डोरियन फुलर, रवी कोरीसेट्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवाश्मयुगीन वस्त्यांची माती पद्धतशीर धुतली, तेव्हा बारीक भरडधान्यं, मूग आणि हुलगा भरभरून वर आले. दक्षिण दख्खनमध्ये शेतीचा आरंभ स्थानिक पिकांवर झाला ही गोष्ट त्या बादल्यांनी ठळक केली.

चिठ्ठी लावलेल्या पुड्या पुण्याला जातात. तुम्हीही जा. येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजची दगडी इमारत, आत एक टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक, बारीक ब्रश, काचेची तबकडी. महाराष्ट्रातल्या उत्खननांतले दाणे ओळखण्याचं काम इथं मुकुंद काजळे यांनी वर्षानुवर्षं केलं: नेवासे, इनामगाव, विदर्भातली तुळजापूर गढी. त्यांच्या आधी सांकळियांनी नर्मदाकाठच्या नावडाटोलीचे दाणे लखनौला बिरबल साहनी संस्थेत विष्णू मित्रे यांच्याकडं पाठवले होते. म्हणजे हे शास्त्र आपल्याकडं फार जुनं नाही. दोन-तीन पिढ्यांचं आहे, आणि मोजक्या माणसांनी उभं केलेलं आहे.

खुर्चीवर बसा. तबकडीत चिमूटभर काळा चुरा आहे. पहिला अर्धा तास तुम्हाला सगळं सारखंच दिसेल, नुसता कोळसा. मग हळूहळू एकेक वेगळा होऊ लागतो. हा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, अंगावर फोलपटाच्या रेघा उमटलेल्या, तो जव. हा जाड, पाठीवर फुगीर, पोटावर खोल चीर, तो गहू. हा भिंगासारखा दोन्हीकडून फुगलेला, तो मसूर. हा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा, ती लाख. हा तांदूळ, अगदी थोडा, या कोरड्या गावात तो सणाचाच असणार असं मी मनाशी म्हणतो. हे खडबडीत, सुरकुतलेलं, ती बोराची आठळी. तिच्याकडं थोडा वेळ बघा. आंबटगोड चव तुमच्या जिभेवर आहे का?

आणि हा थोडा चपटा, थोडा वाकलेला.

तो हुलगा आहे हे तुम्हाला शेजारी ठेवलेल्या पुस्तकाशिवाय कळतं. तरी नुसत्या ओळखीवर नाव लिहायचं नाही. कपाटातून आजच्या हुलग्याची बाटली काढायची, त्यातले दाणे मुद्दाम भाजून कोळसवायचे आणि शेजारी ठेवून मापायचे. कारण भाजताना दाणा फुगतो, आखूड होतो, कधी लाहीसारखा फुटतो. कोळसलेला गहू ताज्या गव्हासारखा दिसत नाही. ओळख पटवायची ती जळालेल्याची जळालेल्याशी. जगात कुठंही असं काम करणाऱ्या खोलीत बियांच्या बाटल्यांचं कपाट असतं, आणि माझ्या मते ते कपाट सूक्ष्मदर्शकापेक्षा मोलाचं आहे. त्यात रानातली तणं हवीत, दुष्काळात खायची बियाणी हवीत, ज्यांची नावं आता फक्त म्हाताऱ्या बायकांना माहीत आहेत ती सगळी हवीत.

चूक होते, आणि ती मोठी होऊन बसते. नाचणीचंच घ्या. भारतातल्या जुन्या अहवालांत कितीतरी ठिकाणी खूप आधीच्या काळात नाचणी सापडल्याचं लिहिलेलं होतं. फुलर यांनी ते सगळे दाखले पुन्हा तपासायला घेतले, तेव्हा त्यांतले पुष्कळसे दुसऱ्याच बारीक धान्याचे निघाले. आफ्रिकेतलं पीक इकडं केव्हा आलं, कुठल्या वाटेनं आलं, हे सगळं त्या मोहरीएवढ्या दाण्यांच्या ओळखीवर उभं असतं. नाव चुकलं की इतिहासातला रस्ता चुकतो.

आणखी एक गोष्ट टेबलावरून उठायच्या आधी. चुलीत सापडलेला प्रत्येक दाणा माणसानं खाल्लेला नसतो. त्या बाईनं शेणी जाळल्या होत्या, आठवतंय? शेणात गाईनं खाल्लेल्या गवताचं बी असतं, तणांचं बी असतं. तेही कोळसतं. म्हणून काही दाणे ताटाबद्दल सांगतात आणि काही कुरणाबद्दल. ज्या जवाबरोबर कोंडा आणि काड्यांचे सांधे सापडतात तो बहुधा शेतातून घरी आलेला, घरातच कांडलेला. नुसते स्वच्छ दाणे सापडले तर ते आधीच साफ करून कणग्यात भरलेले. तिनं जाळात टाकलेला कोंड्याचा तो मूठभर ढीग आता या टेबलावर तिची साक्ष देतो: तिच्या घरी धान्य कुणी तयार आणून दिलं नव्हतं.

आणि काळ? लाकडाच्या कोळशावरून कार्बन-१४ मोजताना एक अडचण असते. ज्या ओंडक्याचा तो कोळसा, तो ओंडका शंभर वर्षांचा असू शकतो. जव एका हंगामात पेरला, कापला, भाजला. त्याचं वय म्हणजे त्या आगीचं वय, फार तर एका वर्षाचा फरक. पूर्वी मोजमापाला बरीच मोठी पुडी लागे, आता एक दाणा पुरतो. पण मोजायचा तर तो दाणा नष्ट करावा लागतो. त्याआधी त्याची मापं घ्यायची, फोटो काढायचे, आणि मग तो भट्टीत द्यायचा. दुसऱ्यांदा, आणि या वेळी कायमचा.

तुम्ही आपला हुलगा तबकडीत परत ठेवता. तुमचा हात थोडा थरथरतो आहे. ब्रशनं धरायचा असतो, चिमट्यानं दाबला तर भुगा होतो.

वास विरत चालला आहे. उठा, निघायला हवं.

परसात ऊन कललं आहे. आज्जीनं उरलेले हुलगे जात्यावरून काढून घेतले आहेत, माडगं उकळतं आहे. तुमच्या बोटांना काळं लागलेलं आहे. चुलीच्या कडेची राख तुम्ही पत्र्याच्या डब्यात भरता, आणि नळाखालून बादली ओढून तिच्यात पाणी घेता.

"आता आणि काय कराय लागलाय?" मामा ओसरीवरून विचारतात.

तुम्ही राख पाण्यात सोडता, हातानं ढवळता आणि थांबता. मामा उठून आले आहेत. गुडघ्यावर हात टेकून ते सवयीनं बादलीच्या तळाकडं बघतात. चाळीस वर्षं ते तिकडंच बघत आलेत.

"तिकडं न्हाई मामा, वर बघा."

पाण्यावर कोळशाचा पातळ तवंग हळूहळू फिरतो आहे. त्यात काडीचे तुकडे, शेणीतलं गवत, आणि मधोमध एक चपटा, वाकलेला, काळा दाणा. मामा वाकून तो बोटाच्या टोकावर घेतात, उजेडाकडं धरतात.

"हेच की," ते म्हणतात. "हेच आम्ही घमेल्यातनं फेकून देत हुतो."

"हात धुवा आधी सगळ्यांनी," आतून आज्जीचा आवाज येतो. "माडगं निवतंय."